अप्पांच्या आधी माझी दाढ

दाढ अप्पांची दुखत होती. तशी माझीही दुखत होती, पण माझी दुखते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अप्पांची दुखते हे मात्र त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान होतं. शेतकऱ्याने गूळ आणून आमच्या दारात उतरवायचा, आम्ही तो ओळीने मांडायचा, व्यापाऱ्यांनी फिरून बघायचा आणि बोली लावायची. गुळाच्या मोठ्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. रव्याची कड फोडून तुकडा काढायचा, बोटांत चुरायचा आणि तोंडात टाकायचा, ही बघायची रीत. अप्पांची यार्डात जी काही पत होती ती या तोंडात टाकण्यावर होती. तुकडा दाढेखाली गेला की ते डोळे बारीक करत आणि गूळ खारट आहे की नाही, कणी कशी आहे, पावसाळ्यात टिकेल की पाझरेल, हे सांगून मोकळे होत. त्यांच्या शब्दावर व्यापारी पुन्हा तुकडा मोडत नसत.

नव्वदच्या दशकातल्या एका हंगामात अप्पांनी तुकडा तोंडात टाकणं बंद केलं. ते रवा फोडत, बोटांत चुरत, वास घेत आणि तुकडा माझ्याकडे देत, "बघ रं." मी तुकडा चघळून गंभीर चेहऱ्याने मान हलवायचो. मला वाटलं, अप्पा आता माझ्यावर धंदा सोपवायला लागले. मी कॉमर्सला दुसऱ्या वर्गात पास झालेला, शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कारकुनी करून कंटाळून परत आलेला. माझ्यातला गुण अखेर बापाने ओळखला म्हणून मी दोन दिवस छाती काढून चालत होतो. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "गुण कसला? त्यांची दाढ दुखतीया."

तिने पाहिलं होतं. आमच्या लिंगायतांच्या घरात कडक भाकरी म्हणजे रोजचं जेवण. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी वाळवून ठेवायची आणि शेंगाचटणी, दही घेऊन कडाकडा मोडून खायची. अप्पा ती आता आमटीत बुडवून ठेवत, तिचा पार लगदा होईपर्यंत थांबत आणि डाव्या बाजूने गिळत. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. बायकोने सांगितल्यावर मी नीट बघायला लागलो आणि मला भीती वाटली. इतके दिवस समोर बसून जेवणाऱ्या माणसाचे गाल बसलेले मला दिसले नव्हते.

अव्वा, म्हणजे आमची आई, असती तर हा प्रश्नच आला नसता. अप्पांचं दुखणं-खुपणं तिला कळायचं आणि तिच्याकडून आमच्यापर्यंत यायचं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मधला माणूसच राहिला नव्हता. अप्पा स्वतःहून "मला दुखतंय" असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पायावर रवा पडून अंगठा काळानिळा झाला तेव्हाही त्यांनी रव्याला काही झालं का तेवढं पाहिलं होतं.

मी एकदा धीर करून म्हणालो, अप्पा, दाताच्या डॉक्टरला दाखवू या. अप्पा म्हणाले, कुणाला काय झालंय? तिथेच तो विषय संपला.

मग माझ्याच दाढेने साथ दिली. उजवीकडची खालची दाढ, आधीपासून किडलेली. एका सकाळी गाल असा सुजला की दुकानात आलेल्या एका शेतकऱ्याने मला ओळखलंच नाही. राजारामपुरीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढला होता. त्यांनी फोटो काढला, औषधं देऊन सूज उतरवली आणि सांगितलं की दाढ काढायची गरज नाही, रूट कॅनॉल करू. दाढेच्या आतली खराब झालेली नस काढायची, आतला भाग स्वच्छ करून भरायचा, दाढ आपली आपल्याजवळ राहते. मी हे सगळं घरी येऊन रंगवून सांगितलं, अर्थात अप्पांना ऐकू जाईल अशा बेताने.

अप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "नस काढत्यात? जित्या माणसाची?"

मी म्हणालो, हो, पण कळतसुद्धा नाही. अप्पांनी बराच वेळ पान उलटलं नाही. मग म्हणाले, "तू करून घे आदी. नमुना बघितल्याबिगार माल उचलायचा न्हाय."

त्यांनी दाढ दुखते हे कबूल केलं नव्हतं, पण माल उचलायचा विचार आहे एवढं तर कळलं. मला फार आनंद झाला. म्हणजे आता सगळं माझ्यावर होतं. माझं नीट पार पडलं तर अप्पा जाणार, पुन्हा पोटभर जेवणार. मी कण्हलो-कुंथलो तर अप्पा लगदा खात राहणार आणि वाळत जाणार. मी नमुना होतो. नमुना चांगला दिसला पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं आणि त्यातूनच पुढची सगळी शोभा झाली.

दोन-चार खेपांत काम झालं. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट समजावलं. बधीरपणा उतरेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, ओठ चावला जाईल, गरम लागलेलं कळणार नाही. तीन-चार दिवस दाढ ठणकेल, दाबली की दुखेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, या गोळ्या घ्या. सूज आली किंवा दुखणं वाढत गेलं तर मात्र लगेच या. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. त्या बाजूने कडक, चिकट काही चावू नका. आणि पंधरा दिवसांनी कॅप बसवायला या, कारण नस काढलेली दाढ ठिसूळ होते, कॅपशिवाय ती कधीही मोडेल. हे सगळं मी मान डोलवत ऐकलं. त्यातलं एक वाक्य जरी जसंच्या तसं अप्पांना सांगितलं असतं तरी मला हे पान लिहायला लागलं नसतं.

दवाखान्यातून मी घरी गेलो नाही, तडक दुकानात गेलो. नमुना ताजा असतानाच दाखवावा, ही त्यामागची बुद्धी. अर्धा जबडा आणि निम्मा ओठ बधीर होता. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगितला. नको म्हणालो असतो तर त्यांना वाटलं असतं की तोंड उघडत नाही, म्हणून मी कप उचलला आणि ऐटीत मोठा घोट घेतला. डाव्या बाजूने आत गेलेला चहा उजव्या बाजूने बाहेर आला आणि शर्टावरून ओघळत खिशात गेला. मला त्याचा पत्ताच नव्हता, मी हसून बघत होतो.

"तोंडावरनं वारं गेलं का काय?" अप्पांनी विचारलं. त्यांना लकवा म्हणायचा होता.

मी म्हणालो, नाही, चहा जरा गरम आहे.

संध्याकाळी बधीरपणा उतरला आणि ठणका सुरू झाला. फार नव्हता, डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेवढाच होता. पण मला लपवायचा होता, आणि लपवलं की दुखणं दुप्पट वाटतं. गोळी मी न्हाणीघरात जाऊन घ्यायचो. गुळण्या करायच्या तर आवाज होतो, म्हणून नळ सोडून करायचो. आमच्याकडे पाणी एकच वेळ यायचं, त्यात मी बादल्या भरभरून वाहवतोय हे बघून बायको दारावर थापा मारायची. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "मामंजींना सांगा की, चार दिवस दुखतं म्हणून. कळतंय त्यांना मानसाचं." मी तिला माणसांचं मानसशास्त्र समजावून सांगितलं. घाबरलेल्या माणसाला दुखतं हा शब्दसुद्धा ऐकू येता कामा नये, असं काहीतरी. तिने हात जोडले आणि भाकरी करायला निघून गेली.

जेवताना अप्पा माझ्या समोर बसत. त्यांची नजर माझ्या उजव्या गालावर असे. मी डाव्या बाजूने चावायचो आणि उजव्या गालात हवा भरून तो हलवायचो. कडक भाकरीचा आवाज यावा म्हणून ताटातच बोटांनी मोडायचो. रोज सकाळी अप्पा विचारत, "काय म्हणतीया दाढ?" मी म्हणायचो, काय म्हणणार, आहे हेच कळत नाही. पहिल्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळत नाही. त्या दुसऱ्या दिवशी चुकून दाढेवर दाढ बसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चटणी फार तिखट झालीय म्हणून मी तिला नावं ठेवली. अप्पांनी ती चटणी बोटावर घेऊन चाखली आणि पुन्हा माझ्या गालाकडे पाहिलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं खरंच थांबलं. मी अप्पांना विजयी सुरात सांगितलं की झालं, संपलं सगळं, आता आयुष्यभर बघायला नको. आणि तिथे मी पुरता अडकलो. सगळं संपलं असं जाहीर केल्यावर आता अजून कॅप बसवायला जायचं आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार? दाढ ठिसूळ झाली आहे हे तर त्याहून सांगता येईना. पंधरा दिवस झाले, महिना झाला. दाढ दुखत नव्हती, त्यामुळे मला स्वतःलाही माझं बोलणं पटायला लागलं होतं. कॅपची खरी गरज नाजूक प्रकृतीच्या लोकांना असावी, अशी मी समजूत करून घेतली.

एवढं करून अप्पा जातील तर शपथ. मी आडून विचारलं की म्हणत, बघू, जाऊ देत अजून थोडं दिवस. इकडे अर्ध्या भाकरीची चतकोर झाली. एकदा मी दुकानात अचानक मागे वळलो तर अप्पा गालावर तळहात दाबून भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला बघताच त्यांनी हात खाली घेतला आणि कॅलेंडर वाचायला लागले. मला रडू येईल असं वाटलं. मी ठरवलं की यांना आता असा पुरावा द्यायचा की पुन्हा बघू म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सौद्याला पेठ वडगावकडच्या एका शेतकऱ्याचा गूळ होता. थंडी कडाक्याची, रवे दगडासारखे कडक झालेले. गूळ देखणा होता, व्यापारी रेंगाळत होते, बोली चढत होती. शेतकरी एका बाजूला टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या घरात त्या हंगामात मुलीचं लग्न होतं, सकाळपासून त्याने ते दोनदा सांगितलं होतं. अप्पांनी रवा फोडला, वास घेतला आणि सवयीने तुकडा माझ्याकडे दिला. मी तो परत केला आणि स्वतः रव्याच्या कडेचा चांगला जाड, कडक तुकडा फोडून घेतला. अप्पा बघतायत याची खात्री केली. तोंड अप्पांना आतलं दिसेल इतकं उघडलं, तुकडा उजव्या बाजूला, बरोब्बर त्याच दाढेखाली ठेवला आणि चावलो.

कट्ट असा आवाज आला. तो मला डोक्यात ऐकू आला, पण बाहेरही आला असणार, कारण बोली थांबली. जिभेला काहीतरी टोकदार लागलं. मी तळहातावर थुंकलो. गुळात माखलेला एक लहान, कठीण, पिवळट तुकडा हातावर पडला आणि मी मूठ मिटली.

"खडा हाय काय रं गुळात?" एका व्यापाऱ्याने विचारलं आणि सगळे जवळ सरकले. दुसऱ्याने हातातला तुकडा लगेच खाली टाकला.

खडा म्हणालो असतो तर माझं सगळं वाचत होतं. दाढ शाबूत, अब्रू शाबूत, अप्पांसमोरचा नमुना शाबूत. खरं बोललो तर महिनाभराचं नाटक मातीत आणि अप्पा जन्मात दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. पण गुळात खडा म्हटल्यावर त्या मालाचं काय होतं हे मला माहीत होतं, आणि त्या शेतकऱ्यालाही. तो पुढे आला नाही. नुसता माझ्या मुठीकडे बघत राहिला. मी फार धीराचा माणूस नाही. त्याची नजर मला सोसली नाही, इतकंच.

"खडा न्हाय," मी म्हणालो. "माझी दाढ हाय."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मी मूठ उघडून दाखवली, तेवढ्याने भागेना म्हणून तोंड उघडून दाखवलं. एका ज्येष्ठ व्यापाऱ्याने चष्मा लावून आत पाहिलं, हातातल्या तुकड्याशी ताडून बघितलं आणि माल निर्दोष असल्याचं जाहीर केलं. मग जे हसणं सुरू झालं ते यार्डाच्या कमानीपर्यंत गेलं असेल. गूळ एवढा कडक निघाला की अडत्याच्या पोराची दाढ मोडली, ही त्या मालाची जाहिरातच झाली आणि बोली पुन्हा चढली. शेतकऱ्याने टोपी घातली. जाताना मला म्हणाला, "पावणं, तोंडाला जपा."

अप्पा हसले नव्हते. ते माझ्याजवळ आले, माझ्या तळहातावरचा तुकडा उचलून उजेडात धरून पाहिला आणि हळूच विचारलं, "दुखलं?"

मी नाही म्हणालो. महिनाभरात त्यांना दिलेलं हे माझं पहिलं पुरतं खरं उत्तर होतं. सवयीने जीभ त्या जागी फिरवली, कडा धारदार लागली, पण दुखत खरोखर नव्हतं. अप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तुकडा माझ्या हातात परत ठेवला आणि गल्ल्यावर जाऊन बसले. मी मात्र सौदा संपेपर्यंत कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. सगळं मुसळ केरात गेलं होतं आणि ते माझ्याच हाताने घातलं होतं.

संध्याकाळी स्कूटरवर अप्पा मागे बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "उद्या जाशील न्हवं डॉक्टरकडं? मी बी येतो."

मी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. विचारलं, का? दाढ मोडलेली बघूनसुद्धा?

"मोडली म्हणूनच की," अप्पा म्हणाले. "रोज म्हणायचास दुखत न्हाय, दुखत न्हाय. गालात वारं भरून जेवायचास. मला वाटलं, एवढं लपवतंय पोरगं म्हंजे जिवावरचं दुखणं असंल. आज दाढ फुटली आन तू नुसता येड्यावानी बघत हुतास. खरंच नस काढलीया म्हणायची त्या बाईनं."

मी स्कूटर पुन्हा सुरू केली. म्हणजे मी चार दिवस कण्हलो असतो आणि मग थांबलो असतो, तर अप्पा पाचव्या दिवशी दवाखान्यात गेले असते. माझ्या न दुखण्यानेच त्यांना महिनाभर जास्त दुखलं होतं. घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. तिने फक्त माझ्या ताटात दहीभात वाढला आणि अप्पांच्याही.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला झापलं. दाढेचा कोपराच गेला होता, बाकीची शाबूत होती, कॅप बसवता येणार होती. मुळापर्यंत चीर गेली असती तर काढावी लागली असती, असं त्यांनी अप्पांसमोर सांगितलं आणि मी कॅपसाठी कधी यायला हवं होतं तेही सांगितलं. अप्पा सगळं शांतपणे ऐकत होते. मग टोपी काढून माझ्या हातात दिली आणि खुर्चीवर जाऊन बसले. मी बाहेर ती टोपी धरून बसलो. आतून आवाज आला की माझाच जीव वर-खाली व्हायचा, पण अप्पांचा आवाज एकदाही आला नाही.

त्या दिवशी बधीरपणा पुरता उतरेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. कोण आलं, कुणी चहाचा आग्रह केला, तरी बाईंनी नको सांगितलंय म्हणून ठाम राहिले. रात्रीच्या जेवणाला आम्ही समोरासमोर बसलो. बायकोने मऊ भात आणि वरण वाढलं. अप्पांनी डाव्या बाजूने एक घास खाल्ला, थांबले, आणि गालावर हात ठेवला. भिंतीकडे वळले नाहीत, तसेच माझ्याकडे तोंड करून बसून राहिले.

"दुखतंय रं," अप्पा म्हणाले.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. बायकोही पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. अव्वा असतानाही अप्पांचं दुखणं तिच्याकडूनच यायचं, अप्पा स्वतः ते मला आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होते. डोळे भरून आले. या वेळी नावं ठेवायला ताटात चटणीही नव्हती.

मी विचारलं, "लई दुखतंय काय अप्पा?"

"लई न्हाय. पर दुखतंय," ते म्हणाले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी त्यांचा भात वरणात चांगला कालवला, अजून थोडं तूप घातलं आणि ताट परत त्यांच्यापुढे ठेवलं. अप्पा जेवायला लागले.